यंदा चांग बांधायचे नाहीत

करुणा,

तू गेलीस त्याला महिना होत आला, आणि आपल्या ब्लॉकमधल्या माणसांनी मला छळायचं बाकी ठेवलेलं नाही. लिफ्टमध्ये, एलआरटीच्या प्लॅटफॉर्मवर, खालच्या दुकानात दूध घेताना, जो भेटतो तो आधी मान खाली घालून "सॉरी, ब्रदर" म्हणतो, पुढं जातो आणि परत वळतो. "सॅटर्डे हाऊ?" एका पोरीनं तर लिफ्टचं दार बंद होता होता विचारलं, "अंकल, स्टोरी स्टिल गॉट ऑर नॉट?" तिच्या आईनं तिचा दंड दाबला, पण उत्तर आईलाही हवं होतं. मी "बघू" म्हणालो. तुझ्यानंतर मी सगळ्यांना "बघू" एवढंच म्हणतोय.

मी पाया खणायची गणितं करणारा माणूस. गोष्ट सांगायला बसलो तर पोरं आधी झोपतील, मग मी. हे तूच चारचौघांत सांगायचीस आणि वर टाळ्या मिळवायचीस.

तुझा शनिवार काय होता, हे लांबच्या माणसाला सांगायला गेलं तर खरं वाटत नाही. वुडलँड्सचे आपले नागपूरकर पहिल्यांदा ऐकून हसलेच होते. इथं सिंगापुरात, पुंगोलच्या एका ब्लॉकच्या तळमजल्यावरची कम्युनिटी रूम, दोन इलेक्ट्रिक शेगड्या, खाली मांडी घालून बसलेली पोरं, बहुतेक चिनी, काही मलय, दोन-चार आपली. आणि त्यांना चिनी लोककथा सांगून त्या कथेतला पदार्थ त्यांच्याच हातांनी करायला लावणारी बाई नागपूरच्या इंदोऱ्याची. आठवडाभर नोव्हेनाच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचे आणि शनिवारी सकाळी पिठात हात घालायचे. मला अजूनही हे आठवलं की छाती फुगते. तू असताना फुगायचीच, पण तेव्हा मी ती आत ओढून धरायचो, कारण तू आधीच चढेल होतीस.

सुरुवात आमाच्या दारातून झाली. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी, सगळा मजला त्यांना आमा म्हणतो म्हणून आपणही म्हणायला लागलो. त्यांची नात शिन यी आपल्या लेकीच्या, मैत्रीच्या वर्गात, दोघी दिवसभर एकमेकींच्या घरात. एकदा तू शिन यीला विचारलंस, "तुझी आजी तुला गोष्टी सांगते का गं?" ती म्हणाली, "सांगते, पण मला कळत नाहीत." आमा सगळं होक्कियनमध्ये, त्यांच्या जुन्या चिनी बोलीत सांगणार आणि पोरगी इंग्रजीत वाढलेली. आजी आणि नात एकाच टेबलावर जेवतात आणि आजीच्या पोटातली एकही गोष्ट नातीपर्यंत पोचत नाही. हे ऐकून तू दोन दिवस नीट जेवली नव्हतीस. मला वाटलं लॅबमध्ये काही बिनसलंय.

मग तू संध्याकाळी आमाकडे जाऊन बसायला लागलीस. तुझं क्लासमध्ये शिकलेलं मोडकंतोडकं मँडरिन, आमाचं त्याहून मोडकं इंग्रजी आणि उरलेलं सगळं हातवाऱ्यांनी. आमा राक्षस करून दाखवायची, तू घाबरून दाखवायचीस आणि मी दारातून बघायचो की दोन शहाण्या बायका डोळे वटारून एकमेकींवर ओरडतायत. अशी एकेक गोष्ट तू बाहेर काढलीस. शिन यीनं आपल्या आजीची पहिली गोष्ट तुझ्या तोंडून ऐकली. आमा शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. इंग्रजी तिला फारसं कळत नव्हतं, पण राक्षस आला की ती बरोबर त्या जागी नातीकडे बघायची.

पहिल्या शनिवारची फजिती मी जिवंत आहे तोवर सांगणार. डिसेंबरातला तो सण, त्या दिवशी चिकट तांदळाचे गोळे गोड पाण्यात उकळून खायचे आणि खाल्ले की माणूस एका वर्षानं मोठा होतो. आमानं सांगितलं तांदळाची पिठी आण. तू लिटिल इंडियातून आपल्या घावनाची पिठी घेऊन आलीस. पिठी ती पिठी, त्यात काय बघायचं! पोरांनी लाल, पांढरे, हिरवे असे देखणे गोळे वळले, तू ते उकळत्या पाण्यात सोडलेस, आणि झाकण काढलं तर आत गुलाबी पेज. आमानं वाकून पातेल्यात बघितलं. "दिस वन पॉरिज, लाह," ती म्हणाली. दुसरी एखादी रडली असती. तू वाट्या भरल्यास आणि पोरांना सांगितलंस की हा सण फार जुना आहे, या वर्षी गोळ्यांचंच वय झालं, त्यांना दात राहिले नाहीत. पोरांनी पेज चाटूनपुसून खाल्ली. पुढच्या शनिवारी वीस पोरं जास्तच आली.

आपली भांडणं मात्र खरी होती. ती विसरून तुझी आरती ओवाळणं तुलाही आवडायचं नाही.

सगळ्यात मोठं भांडण चुलीच्या देवाचं. नव्या वर्षाआधी तो देव वर जातो आणि घरात वर्षभर काय काय झालं ते सांगतो, म्हणून जाण्याआधी त्याच्या तोंडाला चिकट गोड फासायचं, म्हणजे तो गोडच बोलेल. तू ती गोष्ट घ्यायची ठरवलीस आणि मी भडकलो. "माझ्या आजोबांनी घरातले देव उचलून नदीत सोडले," मी म्हणालो. "आपण तीन पिढ्या झगडून यातून बाहेर पडलो. आणि तू सिंगापुरात येऊन चुलीतून नवा देव काढतेस?"

"देव नाही काढला बाप्पा, गोष्ट काढली," तू म्हणालीस. "गोष्ट ऐकायला हात जोडावे लागतात का?"

"आज गोष्ट, उद्या नैवेद्य."

"तू काहून एवढा भितोस रे? माझे पोट्टे हुशार आहेत."

तू ऐकणार नव्हतीसच. त्या शनिवारी तू पोरांच्या ओठांना काकवी लावलीस आणि विचारलंस, तुमच्या घरचा देव वर जाऊन काय सांगेल? कुणी म्हणालं, डॅडी जेवताना फोन बघतात. कुणी म्हणालं, माझी ताई माझं चॉकलेट चोरते. आणि आपली कन्या सगळ्यांसमोर म्हणाली, "माय फादर अप्सटेअर्स स्लीपिंग, बिकॉज ही डोन्ट लाइक धिस स्टोरी." खोली हसून हसून लोळली. मी वर झोपलेलो नव्हतो, दाराबाहेर स्टीमर धरून उभा होतो. आत यायची माझी हिंमत झाली नाही, आणि भांडी मात्र नेहमीसारखी मीच घासली.

मला तुझं तेव्हा पटलं नव्हतं. खरं सांगू? आजही पूर्ण पटलेलं नाही. हा वाद आपण म्हातारपणी, रिकामे झाल्यावर, निवांत बसून पुरा करणार होतो. तू मध्येच उठून गेलीस आणि माझे चांगले चांगले मुद्दे तसेच राहिले.

दुसरीही एक गोष्ट मला विसरता येत नाही. त्या एका आईनं तुझ्या तोंडावर विचारलं होतं, "चायनीज टीचर कॅनॉट फाइंड, मेह?" आमच्या गोष्टी सांगायला एक इंडियन बाईच मिळाली का, असा तिचा सूर. तू म्हणालीस, "मिळाली तर मला सांगा, मी खाली बसून ऐकेन." आमा खुर्चीतून उठली आणि त्या बाईला होक्कियनमध्ये जे काही बोलली त्याचं भाषांतर आजवर कुणी आपल्याला करून दिलेलं नाही. त्या बाईचा मुलगा पुढच्या शनिवारी पहिल्या रांगेत होता. पण घरी आल्यावर तू बराच वेळ हात धूत होतीस. पीठ कधीच निघालं होतं. "मी परकीच ना रे?" तू विचारलंस. मी म्हणालो, "त्यांच्या लेखी असशील." मला तुझी बाजू घ्यायची होती आणि तोंडातून निघालं ते असं.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या आठवड्यात आपण शनिवारचं काय करायचं यावर एक अक्षर बोललो नाही. तू घरी येणारच आहेस अशा थाटात आपण जूनमधल्या सणाच्या चांगची, त्या पानात बांधलेल्या भाताची चर्चा करत होतो. यंदा आत शेंगदाणे घालायचे की मूगडाळ, पानं कुठल्या मार्केटातून आणायची. नर्स सलाइन बदलायला आली तर तू तिलाच विचारलंस, तुमच्याकडे कसे करतात. ती म्हणाली, पोर्क घालून. "माझे अर्धे पोट्टे खात नाहीत ते," तू तिला म्हणालीस. तिला पोट्टे कळलं नाही, पण ती हसली.

तुझ्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. वुडलँड्सहून सगळे आले, वंदना झाली, आमा पहिल्या रांगेत बसून होती. आपल्यात सुतक नाही, विटाळ नाही, हे मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. घरी आलो की तुझ्या चपलांना अडखळायचो, एवढंच.

आणि मग मी ठरवलं, शनिवार मी करणार. गोष्ट येत नाही तर नाही, निदान चांग बांधू. चांग म्हणजे बांबूच्या पानात चिकट तांदूळ भरून, दोऱ्यानं आवळून उकडलेला तिकोनी पुडा. त्या सणाची गोष्ट तुझी आवडती. एका प्रामाणिक मंत्र्यानं नदीत उडी घेतली, तो सापडेना, तेव्हा माशांनी त्याला खाऊ नये म्हणून गावानं नदीत भात टाकला. मी पानं आणली, बादलीत भिजत घातली, तांदूळ भिजवला. शुक्रवारी संध्याकाळी मैत्री आणि मी ओट्याशी उभे राहून सराव करत होतो. पहिले दोन फुटले. तिसरा जमेल असं वाटत असतानाच आमा सूप घेऊन आली.

तिनं ओट्याकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं. "कॅनॉट," ती म्हणाली. "धिस इयर यू कॅनॉट टाय." तिनं माझ्या हातातलं पान काढून घेतलं. "राइस ऑल्सो, डोन्ट टच."

करुणा, तुला माहीत आहे माझ्या कानात काय वाजलं. माझी आई सात-आठ वर्षांची असताना गावातल्या लग्नघरी इतर मुलींबरोबर तांदूळ निवडायला बसली होती. तिला दंडाला धरून उठवलं आणि तिनं निवडलेला ढीग बाजूला काढला. हात लावू नको. ही गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितली की ती माझ्याच दंडाला लागलेली आहे. तेच शब्द समुद्रापलीकडे, माझ्या स्वतःच्या ओट्यावर, तुझ्या आमाच्या तोंडून. मी म्हणालो, "आंटी, प्लीज गो होम." मी दार लावून घेतलं. जोरात लावलं.

मैत्री रडायला लागली. "बाबा, शी नॉट लाइक दॅट, लाह!" मी तिला आजीची गोष्ट सांगितली, सगळी, मराठीत. "तुला काय माहीत, कुणाच्या पोटात काय असतं," असंही म्हणालो. मग फोन काढून पालकांच्या ग्रुपवर टाकलं की उद्यापासून शनिवार बंद, कायमचा. कुणाचंही उत्तर आलं नाही. मला वाटलं, बघ, सगळ्यांना हेच हवं होतं. तुझ्या फोटोकडे बघून मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, "तू विचारत होतीस ना, मी परकीच ना रे? घे उत्तर."

शनिवारी सकाळी मैत्री म्हणाली, खाली खेळायला जाते. मी जा म्हणालो. तांदूळ फेकवत नव्हता आणि बांधायचीही इच्छा राहिली नव्हती. तसाच बसून राहिलो.

दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर लिफ्टपासून आपल्या दारापर्यंत तुझी सगळी पोरं. दोऱ्यांना लटकलेले वाफाळते चांग त्यांनी केळ्याच्या घडासारखे धरलेले. काही वाकडे, काही अर्धे उकललेले, एकाचा तर नुसता चेंडू. मागे आमा, तिच्यामागे दोन-तीन आया, त्यांत ती "मेह"वाली बाईही. आणि सगळ्यांच्या पुढे शिन यी, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी ताठ.

"अंकल," ती म्हणाली, "व्हेन युअर हाऊस गॉट समवन पास अवे, दॅट इयर यू कॅनॉट मेक चांग. अदर पीपल मस्ट मेक फॉर यू. सो वी मेक."

मला पटकन काही समजलं नाही. एका आईनं नीट सांगितलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरानं पहिल्या वर्षी चांग बांधायचे नाहीत, दुःखाच्या घराला राबवायचं नाही. ते बाकीच्यांनी करायचे आणि नेऊन द्यायचे. आमच्या ब्लॉकमध्ये बाहेरच्यांसाठी हे कुणी करत नाही, ती म्हणाली, आप्तांसाठी करतात. ग्रुपवर उत्तर का दिलं नाही, तेही तिनं सांगितलं. सगळे पहाटेपासून आमाकडे पानं पुसत होते.

आपल्याकडे गावात दुखवट्याच्या पहिल्या सणाला पाहुणे पुरणपोळी घेऊन येत, दुःखाच्या घरी चूल गोड होत नाही म्हणून. माझ्या आईकडूनच ऐकलेलं. करुणा, मला ते त्या शुक्रवारी आठवायला काय झालं होतं?

मी आमापुढं हात जोडले तर तिनं ते खाली केले. "ओन पीपल, वॉट," ती म्हणाली, जणू मी काहीतरी बावळट विचारलं होतं.

मी विचारलं, "हू टोल्ड द स्टोरी?" सगळ्या पोरांनी एकाच वेळी मैत्रीकडे बोट केलं. खाली खेळायला गेलेली तुझी मुलगी चांगचा घड मागे लपवून उभी होती. "कशी सांगितलीस गं?" मी म्हणालो. "सेम लाइक आई, लाह," ती म्हणाली. "फर्स्ट आय स्कोल्ड देम." आणि मग मराठीत, हळू, "बाबा, नदीपाशी मला रडू आलं, पण मी थांबले नाही."

करुणा, ऐक. तुझी अकरा वर्षांची पोर तळमजल्यावर उभी राहून चिनी पोरांना त्यांच्या नदीची गोष्ट सांगते, रडते आणि थांबत नाही. माझ्या आईला तांदळावरून उठवलं होतं, आणि इथं तिच्या सुनेसाठी सगळा मजला पहाटे उठून तांदूळ बांधत होता. मला एवढा अभिमान वाटला की आत ओढून धरायचं सुचलंच नाही. मी दारातच मोठ्यानं रडलो. पोरं जरा घाबरली.

मग सगळे आत आले. आमानं एक चांग सोडला, बशीत ठेवला आणि ती तुझ्या फोटोकडे निघाली. वाटेत तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला माझी मतं माहीत आहेत, तूच सांगितली असणार. मी बाजूला सरकलो. शिन यी फोटोसमोर जाऊन म्हणाली, "आंटी, ईट. दिस वन आय टाय वन." आमाच्या नातीनं होक्कियनमध्येही काहीतरी म्हटलं, चार-पाच शब्द, अडखळत. आमानं खुर्ची पकडली.

तुझ्या वाट्याचा चांग शेवटी मीच खाल्ला. आतून जरा कच्चा होता, मूगडाळ घातली होती. खाता खाता मी पान उलटून बघत होतो, कोपरा कुठून दुमडलाय ते, तर शिन यी शेजारी येऊन बसली. तिनं ते रिकामं पान माझ्या हातातून घेतलं आणि सावकाश घडी घालून दाखवली. मी हात पुढं केला तशी तिनं तो बाजूला सारला.

"अंकल, धिस इयर सी ओन्ली," ती म्हणाली. "नेक्स्ट इयर यू टाय."